जन्मतारीख: एक जून

आमच्या किनाऱ्यावर निम्मी माणसं
एक जूनला जन्मली आहेत.
मी झेरॉक्स काढतो, मला ठाऊक.
नाव घालायला आणलेलं पोर
गुरुजींनी उंचीवरून मापलं,
साल टाकलं अंदाजानं,
तारीख एकच, सगळ्या वाडीला पुरेल अशी.
त्याच दिवशी होड्या वर ओढतात,
दोन महिने मासेमारी बंद.
कागदावर जन्मायचं आणि
किनाऱ्याला लागायचं, एकदमच.

वैदेही कोयंडे आली ती मे संपताना,
कागद बिस्किटांच्या डब्यात,
डब्याला सुक्या बांगड्याचा वास.
"फुकट शिकवतत म्हणे देवगडाक. माजो फॉर्म भर."

मी यादी वाचली.
कोळंबीचं लोणचं. शिवणकाम. काथ्याची पायपुसणी.
सगळ्यात खाली, बारीक अक्षरात,
सागरी डिझेल इंजिन दुरुस्ती, तीस दिवस, राहून-जेवून.
तिनं तिथंच बोट ठेवलं.
"त्याला आठवी लागते," मी म्हटलं,
"लोणच्याला काही लागत नाही."
"लोणचा माका येता.
येता ता परत शिकान काय करू?"

व्यवसाय: सवयीनं 'गृहिणी' टाईप केलं.
"खोड ता."
वार्षिक उत्पन्न: "खयल्या वर्षाचा?"
नाव: दाखल्यावर वच्छला भिकाजी मेथर,
रेशनकार्डावर वैदेही जनार्दन.
दोघी एकच आहेत
यासाठी प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प, दोन साक्षीदार.
एक साक्षीदार तारामुंबरीची निघाली,
अजून वच्छे म्हणून हाक मारणारी.
दुसरा मी.

तेवढ्यात लाईट गेली.
बर्फाच्या कारखान्याचा जनरेटर लागला, खोकत.
ती बोलता बोलता थांबली, मान तिरकी,
जशी बाई पाळण्यातल्या रडण्याकडे करते.
"नोझल चोंदलो हा त्येचो. सांग त्येंका,
आज साफ केल्यानी नाय तर उद्या बंद पडतलो."
वीस वर्षं घरच्या होडीचं इंजिन
तिनं वाळूत बसून ऐकलंय,
नवरा पाना मागायच्या आधी पाना पुढे केलाय.
मी फॉर्म वरून खाली पाहिला, उलटूनही पाहिला.
याला रकाना नव्हता.

मग सांगितलं, शाळेत रात्रीचा वर्ग आहे,
तोही फुकट, आठवीची परीक्षा बाहेरून देता येते.
एक वर्ष.
बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर हिशेब मांडला.
या एक जूनला चव्वेचाळीस.
पुढच्या एक जूनला पंचेचाळीस.
इंजिनाचा वर्ग सुरू: एक जून.
अट: 'वय वर्षे पंचेचाळीसपर्यंत.'

पर्यंत म्हणजे धरून, की सोडून?

ऑफिसला फोन लावला.
साहेब म्हणाले, बघून सांगतो.
ती हसली.
"आवस म्हणायची, मी नारळी पुनवेक झालंय.
दर्यात नारळ सोडून बापूस घराक इलो,
तर मी रडतंय."
म्हणजे होड्या पुन्हा लोटतात त्या दिवशी,
दोन महिन्यांनी, बिनधास्त अटीच्या आत.
पण आवशीच्या बोलण्याचा
झेरॉक्स निघत नाही.

साहेबांचा फोन अजून नाही.
ती रोज सातला जाते, वही त्याच डब्यात.
परवा दुकानात डोकावली, विचारलं,
पाच अष्टमांश मोठे की अर्धा,
आणि मी तोंड उघडायच्या आत
बोटांनी पान्याचं माप धरून
स्वतःच म्हणाली, "पाच. कळला."

जनरेटर मात्र
त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बंद पडला,
बर्फ वितळून रस्त्यावर आलं.
मी कुणालाच
काही सांगितलं नव्हतं.